फणसाची पाठ

एल्मेरचं जहाज तेव्हा रॉटरडॅमला तेल उतरवत होतं.
फोनवर वारा जास्त, माणूस कमी.
म्हणाला, केबिन अरुंद आहे,
बंकवर बसून वाजवता येईल एवढीच गिटार हवी.
आणि डाव्या हाताची करंगळी विंचमध्ये अर्धी गेलीय,
मान त्या हिशेबानं कर.
लाकूड आई आणून देईल.

लाकूड आलं ट्रायसिकलच्या टपावर, नायलॉनच्या दोरीनं आवळलेलं.
खाली नांग एपिफान्या. छत्री उघडी, ऊन नसतानाही.
डिसेंबरच्या वादळात आडवा झालेला अंगणातला फणस,
दोन वर्षं पत्र्याखाली वाळवलेला.
"तेवीस वर्षं फळं दिली यानं. बरका. गरे नुसते विरघळायचे,"
सोयरीक जुळवायला आल्यासारखी ती सांगत होती.

करवतीखाली आत हळद निघाली.
आबुनोत आमची पाच-सहा घरं या पिवळ्यावर जगतात.
वडील म्हणायचे, हा रंग विकायचा नाही,
गिऱ्हाइकाला सांगायचं, दहा वर्षं थांब,
काकवीसारखा होईल.

तिसऱ्या दिवशी रंध्याचं पातं
खणकन तुटलं.
खिळा. वाळत घालायच्या दोरीचा,
झाडानं कधीतरी गिळलेला.
भोवती निळाकाळा डाग, शाई सांडल्यासारखा.
पात्याचे तीनशे पेसो मी वहीत मांडले
आणि फोटो पाठवला: एवढा भाग काढून टाकू?
आठ दिवस त्याला रेंज नव्हती.
मग उत्तर आलं:
नको. पात्याचे पैसे देतो.

बाजूच्या पट्ट्या भिजवल्या, पाइपात कोळसे भरले,
तापल्या लोखंडावर फळी हळूहळू वाकवायला घेतली
तशी वाफेला गऱ्यांचा वास
(खोटं कशाला बोलू,
वास ओल्या बाकाचाच होता.
गऱ्यांचा यावा असं मला वाटत होतं.)

मानेसाठी त्यानं पाठवला होता
जहाजाच्या कागदावर पेनानं गिरवलेला हात.
मी माझी करंगळी चिकटपट्टीनं तळव्याला बांधली
आणि फुटक्या बाटलीच्या काचेनं मान तासत राहिले,
चार बोटांनी,
जेवतानाही पट्टी सोडली नाही.

पाठ मात्र बोलेना.
आतून पट्ट्या चिकटवल्या, सायकलच्या ट्यूबनं आवळल्या,
सोडवून वाजवली तर थप्प.
दमट भिंत जशी.
वडिलांना विचारावं तर ते दाराशी बसलेले,
त्यांना आता फक्त मोटारसायकली ऐकू येतात.

शनिवारी नांग उकडलेली केळी घेऊन आली.
पिशवी ठेवली, न विचारता पाठ उचलली,
दोन बोटांत कडेनं धरून
वाकड्या बोटाच्या पेरानं तीनदा ठोकली, कान जवळ नेऊन.
"कच्चा आहे."

"नांग, हे लाकूड आहे."

"मग मी काय म्हटलं, फळ आहे?"
तिनं तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.
"इथे. इथे अजून दाट आहे."

मी छिन्नी घेतली.
कांद्याच्या सालीएवढा पापुद्रा. ठोक. तिची मान नाही म्हणाली.
अजून एक. ठोक. नाही.
माझ्या कानांना केव्हाच पुरेसं वाटलं होतं,
हात थांबायला बघत होता.
आणखी एक, भीत भीत.
ठोक.

ती काही बोलली नाही.
बाहेर कोंबडा, कुठेतरी वेल्डिंग,
आणि पाठीच्या लाकडात काहीतरी
खोल, गोल, जरा उशिरानं विझणारं.

"बास," नांग म्हणाली.
"आता झाडावर ठेवलास तर फुटेल."

तारा चढल्या तेव्हा तिनं सूर ऐकलाच नाही.
गिटार उलटी करून डाग शोधला,
नखानं खरवडून पाहिला,
आहे म्हणाली.

ट्रायसिकलमध्ये खोका मांडीवर, छत्री खोक्यावर,
स्वतः उन्हात.
जाण्याआधी कामाच्या बाकावर, भुशात,
वीस-वीसची पंधरा नाणी तिनं ओळीनं मांडली.
पात्याचे.
त्याला सांगू नकोस, म्हणाली.